हरल्यानंतरचा सामना : कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची वाटचाल, जुन्नर-आंबेगावच्या नजरेतून

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांच्या क्रीडा स्मरणिकेत कोल्हापूरच्या संस्थेचा इतिहास कशासाठी, असा प्रश्न वाचकाला पडणे रास्त आहे. आपल्याकडे कबड्डीचे संघ आहेत, जत्रेच्या कुस्त्या आहेत, बैलगाड्यांचे घाट आहेत, सुगी संपली की गावोगाव टेनिस चेंडूवरच्या क्रिकेट स्पर्धा आहेत. फुटबॉलची लीग मात्र आपल्या मातीत अजून रुजलेली नाही. जी गोष्ट आपल्याकडे नाही तिचा इतिहास जिथे आहे तिथूनच घ्यावा लागतो. लोकांनी पेठेपेठेने उभी केलेली आणि पिढ्यान् पिढ्या टिकवलेली फुटबॉल लीग महाराष्ट्रात बघायची असेल, तर १९४० साली स्थापन झालेल्या कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडे, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या केएसएकडे, जाण्यावाचून गत्यंतर नाही. या संस्थेच्या इतिहासातून या लेखाला एकच गोष्ट मांडायची आहे. खेड्यातला मुलगा किंवा मुलगी फुटबॉलपटू होते ती घराजवळ, हंगामभर, ठरलेल्या दिवशी, बरोबरीच्या संघांशी पुन्हा पुन्हा खेळून. वर्षातून एकदा भरणारी स्पर्धा, एखादे शिबिर किंवा निवडचाचणी हे काम करू शकत नाही. केएसएने हे दाखवून दिले आहे, आणि जिथे केएसए कमी पडली तिथेही हेच दिसते.

आज आपल्या मुलांच्या वाट्याला फुटबॉल किती येतो, ते आधी पाहू. शालेय क्रीडा स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात. तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशी त्यांची चढण आहे. १९६० पासून चालत आलेल्या सुब्रोतो मुखर्जी चषकाची वाटही अशीच चढत दिल्लीपर्यंत जाते. या स्पर्धा हव्यातच. त्यांच्यामुळेच कित्येक शाळांत चेंडू आला. पण त्या बाद पद्धतीच्या आहेत आणि बाद पद्धतीचा हिशेब मोठा निष्ठुर असतो. १६ शाळा उतरल्या तर एकूण सामने १५. त्यांतल्या ८ शाळा पहिल्याच सामन्यानंतर घरी जातात, अंतिम फेरी गाठणाऱ्या दोन शाळांनाही फक्त ४ सामने मिळतात. आता याच मुलांमधून ८ संघ धरा आणि प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचे ठरवा. सामने होतात ५६ आणि प्रत्येक संघाला मिळतात १४. तळाला राहिलेल्या संघालाही १४ मिळतात, ही यातली मोलाची बाब. ज्या शाळेत क्रीडाशिक्षक नवा आहे, ज्या मुलांनी पायात बूट पहिल्यांदाच घातले आहेत, त्यांनाच सर्वांत जास्त सामन्यांची गरज असते आणि बाद पद्धत नेमके त्यांनाच सर्वांत आधी घरी पाठवते. २०१७ साली १७ वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला, तेव्हा महाराष्ट्राने १५ सप्टेंबरला एकाच दिवशी दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवण्याचा उपक्रम केला. उत्साह खरा होता, शाळांपर्यंत चेंडूही पोहोचले. परंतु १६ सप्टेंबरला ती मुले कोणाशी खेळणार, याची व्यवस्था त्या उपक्रमात नव्हती. ती व्यवस्था म्हणजेच लीग.

कोल्हापुरात ही व्यवस्था कशी उभी राहिली ते समजण्यासाठी पश्चिम भारतातल्या फुटबॉलकडे थोडे वळून पाहावे लागते. मुंबईत रोव्हर्स चषक १८९१ मध्ये सुरू झाला, हारवुड लीग १९०२ मध्ये आणि वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन १९११ मध्ये. सुरुवातीचे संघ गोऱ्या पलटणींचे होते, पुढे गिरण्यांचे, रेल्वेचे, बँकांचे, कंपन्यांचे आले. पुण्यातही खेळ आला तो लष्करी छावणीच्या वाटेने. या संघांच्या मागे नोकरी देणारी आस्थापना असे आणि आस्थापनेने हात आखडता घेतला की संघ संपे. कोल्हापूरचा पाया निराळा पडला. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात तिथे पेठोपेठी तालमी भरभराटीला आल्या, १९१२ मध्ये खासबागचे कुस्ती मैदान उभे राहिले. तालीम म्हणजे नुसता आखाडा नव्हे. पेठेतला गणपती, शिवजयंती, कुणाच्या घरचे लग्नकार्य, कुणाची अडीअडचण असा सगळा व्यवहार तालमीच्या कट्ट्यावर होई. या तालमींनी पुढे फुटबॉलचे संघ उभे केले. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावे आज महाराष्ट्राला फुटबॉलमुळे ठाऊक आहेत, पण त्यांच्या नावापुढे ‘तालीम मंडळ’ हेच शब्द आहेत. शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी हे संघही याच मुशीतले. कोणाही मालकाने संघ विकत घेतला नाही, त्यामुळे कोणा मालकाला तो बंदही करता आला नाही.

१९४० साली संस्थानी काळात, छत्रपती घराण्याच्या आश्रयाखाली, केएसए स्थापन झाली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात राजाराम महाराजांचे निधन झाले, आणि पुढे १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. संस्थाने गेली तशा त्यांच्या आश्रयाने चाललेल्या कितीतरी गोष्टी गेल्या. केएसए राहिली. छत्रपती घराणे आजही तिच्या पाठीशी आहे, हे खरे. तरी या टिकण्याचे श्रेय एका घराण्याला देऊन मोकळे होणे अपुरे ठरेल. संस्था म्हणजे तिच्या सदस्य संघांची बांधणी होती आणि हे संघ राजवाड्याच्या पैशावर नव्हे, पेठेच्या वर्गणीवर जगत होते. वरून आधार आणि खालून मुळे अशी दोन्हीकडची पकड असल्यामुळे राज्यव्यवस्था बदलली तरी लीगचे वेळापत्रक निघत राहिले. संस्थेच्या इतिहासात चषकांची आणि विजेत्यांची नोंद सहज सापडते. वेळापत्रक पिढ्यान् पिढ्या निघत राहिले ही नोंद कोणी ठळक करत नाही. माझ्या मते या संस्थेची सर्वांत मोठी कामगिरी तीच आहे.

या वेळापत्रकाचा घाट समजून घेण्यासारखा आहे. हंगामापूर्वी प्रत्येक खेळाडूची नोंदणी होते. एकदा एका संघाकडे नाव नोंदले की हंगामभर तो त्या संघाचा. वरिष्ठ गटात १६ संघ असतात आणि त्याखाली ए, बी, सी अशा गटांच्या पायऱ्या. वरच्या गटात तळाला राहिलेले खाली उतरतात, खालून जिंकलेले वर चढतात. पावसाळा सरला की राजर्षी शाहू स्टेडियमवर हंगाम सुरू होतो, आधी लीग आणि मग निरनिराळ्या चषकांच्या बाद फेरीच्या स्पर्धा, अशी ही वर्दळ उन्हाळ्यापर्यंत चालते. पंच स्थानिक, संघटक स्थानिक, प्रेक्षक तर पेठेचेच. वरवर ही कारकुनी वाटेल, पण खेळाडू घडवणारी खरी यंत्रणा हीच. नोंदणी आहे म्हणून संघाला मुलगा आपला वाटतो आणि त्याच्यावर दोन वर्षे मेहनत घ्यावीशी वाटते. चढ-उतार आहे म्हणून नवव्या क्रमांकाच्या आणि पंधराव्या क्रमांकाच्या संघांमधल्या सामन्यालाही अर्थ असतो. सामने ठरलेल्या तारखांना आहेत म्हणून सराव ठरलेल्या वेळी होतो. आणि हरलेल्या संघाला पुढचा सामना आहे, म्हणून चुकीची दुरुस्ती होते. उजव्या पायानेच खेळणारा बचावपटू डाव्या बाजूने येणाऱ्या आघाडीवीराकडून एका सामन्यात तीनदा चकतो. बाद पद्धतीत त्याची कहाणी तिथेच थांबते. लीगमध्ये त्याला आठवडा मिळतो, डावा पाय वापरायला शिकण्याची सक्ती मिळते आणि परतीच्या सामन्यात तोच आघाडीवीर पुन्हा समोर मिळतो. मैदानावरचे शिक्षण या अशा फेऱ्यांतून होते. कितीही निष्णात प्रशिक्षक आणला तरी ही फेरी त्याला एकट्याने निर्माण करता येत नाही.

आपल्या जिल्ह्याचा अलीकडचा इतिहास याला दुसऱ्या बाजूने दुजोरा देतो. पुण्यात गेल्या वीस वर्षांत तीन व्यावसायिक क्लब गाजले. २००७ मध्ये सुरू झालेला पुणे एफसी २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये उपविजेता ठरला आणि २०१५ नंतर त्याचा वरिष्ठ संघ राहिला नाही. डीएसके शिवाजियन्स आय-लीगमध्ये दोन हंगाम खेळून २०१७ मध्ये बाहेर पडला. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगबरोबर आलेला एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये थांबला आणि त्याची जागा हैदराबादने घेतली. या क्लबांनी चांगल्या अकादमी चालवल्या, चांगले प्रशिक्षक आणले. त्यांच्या कामाला कमी लेखण्याचे कारण नाही. पण वरून उभारलेली इमारत मालकाच्या ताळेबंदावर अवलंबून असते, आणि ती कोसळली की तिच्यात शिरू पाहणाऱ्या मुलांची वाटच बुजते. बारा वर्षांत तीन क्लब आले आणि गेले. त्याच बारा वर्षांत कोल्हापुरात पाटाकडील आणि दिलबहार आपापल्या पेठेतून मैदानावर येतच राहिले. शहरात पुणे जिल्हा फुटबॉल संघटनेची लीग आहे, तिच्यात अनेक गट आहेत, तीही जुन्या क्लबांच्या जोरावर टिकून आहे. मात्र नारायणगावहून पुणे सुमारे ७५ किलोमीटर. तेरा वर्षांच्या मुलाने दर रविवारी एवढे अंतर जाऊन-येऊन लीग खेळावी, अशी अपेक्षा कोणत्याही आईबापांकडून करता येणार नाही.

आता सर्वांत अवघड आक्षेप. केएसएची लीग इतकी जुनी आणि इतकी लोकप्रिय आहे, विश्वचषक आला की ब्राझील आणि अर्जेंटिनाच्या फलकांनी पेठा सजतात, मग राष्ट्रीय पातळीवर कोल्हापूरचे खेळाडू इतके थोडे का? आक्षेप खरा आहे आणि तो टाळून हा इतिहास लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. निखिल कदम मोहन बागानच्या संघात खेळला, अनिकेत जाधव २०१७ च्या विश्वचषकात भारताच्या १७ वर्षांखालील संघात होता. आणखीही नावे आहेत, पण लीगच्या वयाच्या मानाने यादी आखूडच. शिवाय अनिकेतची जडणघडण पुण्याच्या क्रीडाप्रबोधिनीत आणि पुणे एफसीच्या अकादमीत झाली. मग श्रेय लीगचे की निवासी अकादमीचे, असे कोणी विचारील. प्रबोधिनीचे श्रेय प्रबोधिनीलाच आहे. तरी एक गोष्ट विचारात घ्यायला हवी. निवडचाचणीच्या दिवशी प्रशिक्षकासमोर येणारा बारा वर्षांचा मुलगा चेंडू पायात खेळवत येतो, तो कुठून? ज्या गावात रोज संध्याकाळी फुटबॉल असतो, जिथे थोरला भाऊ, चुलता, शेजारी कोणत्या ना कोणत्या संघात असतो, तिथून अशी मुले येतात. अकादमी निवडते आणि घासूनपुसून पुढे नेते. निवडण्याजोगे खूप जण एका ठिकाणी तयार होणे हे स्थानिक खेळाचे काम आहे. जुन्नर-आंबेगावातून आज एखादे मूल निवडले गेलेच तर तो योगायोग असेल. कोल्हापुरातून ते अपेक्षित असते, एवढा या दोन परिस्थितींत फरक आहे.

तरीही यादी आखूड का, याचे उत्तर उरतेच. माझ्या समजुतीप्रमाणे ते केएसएच्या रचनेतच आहे. ही लीग मुळात मोठ्यांची आहे. तालमीला पुढचा सामना जिंकायचा असतो, कारण पेठेची अब्रू पणाला लागलेली असते. अशा वेळी पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला पूर्ण वेळ खेळवण्याचा धोका कोणता संघ पत्करील? तो राखीव खेळाडूंच्या बाकावर बसतो, शेवटची दहा मिनिटे उतरतो किंवा खालच्या गटात ताकदवान प्रौढांच्या धक्क्यांशी झुंजतो. शिकण्याची सर्वांत सुपीक वर्षे, साधारण दहा ते सोळा, त्याला नियमित लीगविना काढावी लागतात. पुढे चुरस वाढली, तशी मोठ्या संघांनी बाहेरगावचे आणि परदेशी खेळाडू मानधनावर आणले. त्यांच्या संख्येवर मर्यादा घालाव्या लागल्या. प्रेक्षकांतल्या ईर्ष्येचे पर्यवसान कधी हुल्लडबाजीत झाले आणि मोठ्या सामन्यांना पोलिस बंदोबस्त ही नेहमीची बाब होऊन बसली. या सगळ्याचे मूळ एकच. जी अस्मिता संघ जगवते, तीच अस्मिता आवरली नाही तर घरच्या मुलाची जागा खाते. केएसएच्या इतिहासातून धडा घ्यायचा तो पूर्ण घ्यावा लागेल. लीग हवी, गावाच्या अभिमानावर उभी असलेली हवी, परंतु तिची पहिली वीट कुमारांची हवी. मोठ्यांची लीग आधी सुरू करून नंतर मुलांकडे पाहू, असे म्हटले की मुलांकडे पाहायचे राहून जाते.

हे अनुमान फक्त कोल्हापूरवरून काढलेले नाही. जपानमध्ये उच्च माध्यमिक शाळांची बाद पद्धतीची राष्ट्रीय स्पर्धा शतकभर जुनी आहे आणि आजही ती प्रचंड लोकप्रिय आहे. जपानच्या फुटबॉल संघटनेने ती मोडली नाही. मात्र १८ वर्षांखालील मुलांसाठी २००३ पासून प्रादेशिक लीग आणि २०११ पासून त्यावरची वरिष्ठ श्रेणी उभी केली. शाळांचे संघ आणि क्लबांचे कुमार संघ एकाच लीगमध्ये वर्षभर एकमेकांशी खेळू लागले. स्पर्धेचा थरार तसाच राहिला आणि खेळण्याचे दिवस वाढले. आपल्याच देशात मिझोरामकडे पाहावे. २०११ च्या जनगणनेत त्या अख्ख्या राज्याची लोकसंख्या अकरा लाखांच्या आतबाहेर होती. जुन्नर तालुक्याची सुमारे ४ लाख आणि आंबेगावची २ लाख ३५ हजारांच्या घरात, म्हणजे दोन्ही मिळून मिझोरामच्या निम्म्याहून अधिक. डोंगराळ मुलूख, तुटक वस्त्या, मोठ्या उद्योगांचा अभाव, तरी तिथे वस्तीवस्तीचे संघ खेळत होते आणि २०१२ मध्ये मिझोराम प्रीमियर लीग सुरू झाली. २०१४ मध्ये मिझोरामने संतोष चषक जिंकला. २०१६-१७ च्या आय-लीगचे विजेतेपद ऐजॉल एफसीने पटकावले. तिथे फुटबॉलचे वेड आधीपासून होते, हे मान्य. त्या वेडाला वेळापत्रक मिळताच पाच वर्षांत काय घडले, तेही मान्य करायला हवे.

कोल्हापूर हे शहर आहे, पेठा एकमेकींना खेटून आहेत, एकच स्टेडियम सर्वांना पुरते. आपल्या विखुरलेल्या गावांना हे कसे जमणार, हा दुसरा आक्षेप. त्याला कोल्हापूर जिल्ह्यातूनच उत्तर मिळते. गडहिंग्लज हे तालुक्याचे गाव, तिथली फुटबॉलची परंपरा शहराइतकीच जिवंत आहे. राष्ट्रीय महासंघाच्या तळागाळातील फुटबॉल कार्यक्रमाची धुरा पुढे ज्यांनी वाहिली, त्या प्रशिक्षक अंजू तुरंबेकर याच तालुक्यातल्या बेकनाळ गावच्या. तेव्हा खेडे हा अडथळा नाही. अंतर हा अडथळा आहे आणि तो मोजून सोडवावा लागेल. आपल्या दोन तालुक्यांचे दोन भाग पडतात. पूर्वेला नारायणगाव, ओतूर, आळेफाटा, बेल्हे, मंचर हा बागायती, रस्त्यांनी जोडलेला पट्टा. पश्चिमेला नाणेघाटापासून आहुपे, भीमाशंकरपर्यंतचा, माणिकडोह आणि डिंभे धरणांच्या पाणलोटाचा आदिवासी पट्टा. इथे पावसाळ्यात चार महिने मैदान नावाची वस्तूच नसते. म्हणून दोन्ही तालुक्यांची मिळून एक लीग काढण्यापेक्षा चार-पाच केंद्रांवर सहा-सहा, आठ-आठ संघांच्या लहान लीग काढणे शहाणपणाचे. एका केंद्रावर एकाच दिवशी सगळे संघ जमले आणि प्रत्येकाने दोन आखूड सामने खेळले, तर महिन्यातून दोन फेऱ्यांतही हंगाम पुरा होतो. एसटीचा किंवा जीपचा खर्च निम्म्यावर येतो. संघ अकरा-अकरांचेच हवेत असेही नाही. बारा वर्षांखालील मुलांना पाच-पाच किंवा सात-सात जणांच्या संघांत खेळवावे, असे आता जगभरचे प्रशिक्षक सांगतात. लहान मैदानावर चेंडू प्रत्येकाच्या पायाला पुन्हा पुन्हा लागतो. मोठ्या मैदानाचा अभाव या वयात उलट पथ्यावर पडणारा आहे.

बिबट्याचा प्रश्न आपल्याकडे थट्टेवारी नेण्याजोगा नाही. जुन्नर वनविभागातल्या उसाच्या पट्ट्यात अंधार पडल्यावर मुलांनी पायी घरी जाणे धोक्याचे आहे, आणि शाळा सुटल्यानंतरच्या सरावाला पालक नाही म्हणतात त्यामागे हे कारण असू शकते. यावर उपाय वेळापत्रकातूनच निघतो. सराव सकाळी शाळेच्या आधी, सामने रविवारी उजेडात, आणि हंगाम दिवाळीनंतरच्या कोरड्या महिन्यांत. कांद्याच्या लागवडीत घरच्यांना मुलांच्या हातांची गरज पडते, ते दिवस गावागावाने सांगावेत आणि त्या आठवड्यात फेरी ठेवू नये. पश्चिम पट्ट्यातल्या बऱ्याच कुटुंबांना पावसाळा संपल्यावर कामासाठी घर सोडावे लागते. पण तिथल्या मुलांसाठी निवासी आश्रमशाळा आहेत, आणि घोडेगावच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या क्षेत्रातल्या या शाळा, नीट विचार केला तर, फुटबॉल लीगसाठी पेठेइतक्याच घट्ट घटक आहेत. मुले एकत्र राहतात, पहाटे उठतात, एकत्र जेवतात. सरावाला कोणी बसने यायचे नाही, संध्याकाळी कोणाला उसातून जायचे नाही. डोंगर चढण्या-उतरण्याने कसलेले पाय आणि छाती त्यांच्याकडे आहेतच. कोल्हापुरात जे काम तालमीने केले, ते आपल्या पश्चिम भागात आश्रमशाळा करू शकते आणि पूर्व भागात हायस्कूल व गावचे मंडळ.

कबड्डीच्या मातीत फुटबॉल कशाला, असे म्हणणाऱ्यांच्या मनात आपल्या खेळाविषयी प्रेम आहे आणि ते आदराने ऐकले पाहिजे. कोल्हापूरचे उत्तर असे की खासबागेतली कुस्ती फुटबॉलने मारली नाही; ज्या तालमींनी मल्ल घडवले त्यांनीच फुटबॉलचे संघ उभे केले. कबड्डीत पकड आणि चपळाई कमावलेल्या मुलाला गोलरक्षक होणे जड जाणार नाही. आणि या लेखातला मुद्दा कबड्डीलाही तितकाच लागू आहे. आपल्याकडची कबड्डीही बहुतांशी रात्रभराच्या बाद स्पर्धांवर चालते. तिचीही लीग झाली तर आनंदच आहे. संघटनशक्ती आपल्याकडे नाही, असे तर कोणी म्हणूच नये. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलगाडा शर्यती बंद पडल्या, २०२१ च्या डिसेंबरात सशर्त परवानगी मिळाली आणि २०२३ च्या मे महिन्यात न्यायालयाने राज्याचा कायदा कायम ठेवला. या सगळ्या काळात गाडामालक, यात्रा कमिट्या आणि गावे ज्या चिकाटीने एकत्र राहिली, ज्या शिस्तीने घाटावर नोंदणी, क्रम, वेळ आणि निकाल यांची व्यवस्था ठेवली जाते, ती पाहिली की आठ संघांच्या लीगची कागदपत्रे या मंडळींना अवघड नाहीत हे पटते. यात्रेच्या वर्गणीतला थोडासा वाटा गावाच्या कुमार संघाच्या बुटांसाठी बाजूला काढला, तर पहिल्या हंगामासाठी मंत्रालयाच्या दारात उभे राहण्याची गरज नाही.

मुलींचा प्रश्न शेवटी घ्यावा लागतो, कारण इतिहासाने तो शेवटी ठेवला. तालमींच्या जगात बाईला जागा नव्हती आणि केएसएच्या लीगची बहुतेक दशके पुरुषांचीच गेली. अलीकडच्या काळात कोल्हापुरात मुलींचे फुटबॉल वाढले आणि एफसी कोल्हापूर सिटी हा संघ २०१९-२० च्या इंडियन विमेन्स लीगमध्ये खेळला. शेजारी इतकी जुनी लीग असताना मुलींना एवढी वर्षे थांबावे लागले. आपण नव्याने सुरुवात करणार आहोत, तेव्हा ही चूक आपल्याकडे होण्याचे काहीच कारण नाही. बारा वर्षांखालील गटात मुले आणि मुली एकाच संघात खेळू शकतात. त्यावरच्या गटात मुलींची लीग पहिल्याच वर्षी, भले चार संघांची, सुरू झाली पाहिजे. चार संघांची दुहेरी साखळी म्हणजे १२ सामने आणि प्रत्येक संघाला ६. आज आपल्या मुलींना स्पर्धेतला जेवढा फुटबॉल मिळतो, त्याच्या हे कितीतरी पट आहे.

मग मोठ्यांच्या लीगचे काय? सतरा वर्षांचा मुलगा शाळा सोडतो, एखादा पुण्याला किंवा चाकणला कामाला जातो आणि त्याचा खेळ संपतो. ही गळती थांबवण्यासाठी वरची पायरी लागेलच, आणि इथे केएसएचे गट-पद्धतीचे शहाणपण जसेच्या तसे घ्यावे. तीन-चार वर्षे कुमार लीग चालली की तिच्यातून बाहेर पडणाऱ्या मुलांची गावसंघांची खुली लीग आपोआप मागितली जाईल. त्या वेळी दोन नियम पहिल्या दिवसापासून लिहून ठेवावेत. प्रत्येक संघात १९ वर्षांखालील ठरावीक मुले मैदानावर हवीत, बाकावर असून भागणार नाही. आणि तालुक्याबाहेरच्या खेळाडूला मानधन देऊन आणता येणार नाही. केएसएला जे धडे अनुभवाची किंमत मोजून मिळाले, ते आपल्याला आयते मिळतात. पहिल्या हंगामासाठी मात्र एवढे पुरे आहे : जुलैत क्रीडाशिक्षकांची एक बैठक, सप्टेंबरपर्यंत मुलामुलींची वयाच्या दाखल्यासह नोंदणी, तरुणांतून पंचांच्या प्रशिक्षणासाठी निवडलेले दहा-बारा जण, आणि दिवाळीची सुट्टी संपताच जुन्नर, ओतूर, नारायणगाव, मंचर आणि घोडेगाव या पाच केंद्रांवर एकाच रविवारी पहिली फेरी. त्या दिवशी हरणाऱ्या प्रत्येक संघाच्या हातात पुढच्या फेरीची तारीख छापलेली असावी.